ओढ्याकाठच्या सोसायटीने भिंतीआधी काय मोजावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात सहकारनगर-अरण्येश्वर पट्ट्यात आंबिल ओढ्याला लागून ४८ सदनिकांची सोसायटी आहे. २०१९ च्या पुरात ओढ्याकडची आवारभिंत पडली. उन्हाळ्यात वास आणि डास असतातच. आता दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत आणि तळालाही काँक्रीट असं काहीतरी होणार असल्याचं कानावर येतंय. काही सभासदांचं म्हणणं, वरून स्लॅबच टाकून घ्या, पार्किंगही होईल. यातलं काय मागावं? आणि काठाला झाडं लावली तर चालतील का?

तुमच्या या एका प्रश्नात दोन वेगवेगळ्या पाण्यांच्या तक्रारी मिसळल्या आहेत. ओढ्यांवरचा पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा याच गोंधळामुळे. एप्रिलमध्ये तळाशी काळं वाहतं ते मैलापाणी, सेकंदाला पाच-पन्नास लिटर. सप्टेंबरात दोन-तीन तासांसाठी अंगावर येतं ते पुराचं, सेकंदाला हजारो लिटर. भिंतीने वास जात नाही आणि ड्रेनेज दुरुस्त करून पूर अडत नाही. दोन्हींचे उगम वेगळे आहेत, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि पालिकेतली टेबलंही वेगळी आहेत. म्हणून आपणही दोन्ही वेगळेच घेऊ.

तुमच्यासमोर तळाचा खडक किती खोल आहे, खालची मोरी, म्हणजे रस्त्याखालून ओढा जातो ते तोंड, किती रुंद आहे, समोरच्या काठावर काय आहे, हे पाहिल्याशिवाय भिंत हवी की नको हे कुणीही सांगू नये, मीही सांगत नाही. पण ते ठरवायला लागणारी बरीचशी मापं तुम्हीच दोन रविवारांत घेऊ शकता. पन्नास मीटरचा टेप, पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा एक टीडीएस मीटर, गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी, चार लिंबं आणि गमबूट एवढ्यावर भागतं.

आधी ओढ्याची चाल लक्षात घ्या. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो, तलावांतून बाहेर पडतो आणि धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, पर्वतीचा पायथा, दांडेकर पूल असा जाऊन मुठेला मिळतो. सगळी लांबी दहा किलोमीटरच्या आसपास. कात्रजचे पेशवेकालीन तलाव १७५० च्या सुमाराचे. पर्वतीच्या पायथ्याचं तळं, म्हणजे आजच्या सारसबागेची जागा, तेही नानासाहेब पेशव्यांच्याच काळातलं. ओढ्याचा खालचा भाग तेव्हाच वळवला गेला. त्याआधी तो आजच्या पेठांच्या बाजूने जात असे. या इतिहासातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, डोंगरउतार आणि तोकडी लांबी यांमुळे वरचं पाणी तुमच्यापर्यंत यायला दिवस लागत नाही, तासाभराचं काम असतं. दोन, वर तलाव आहेत म्हणून पूर अडेल असं धरून चालू नका. तलाव जुलैत रिकामा असताना पाणी अडवतो. सप्टेंबरअखेर तो काठोकाठ असतो, डोंगरातली माती भिजून बसलेली असते, आणि तेव्हा परतीचा पाऊस कोसळला की वरून येईल तेवढं सांडव्यावरून खाली येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली, तो सप्टेंबरअखेरचाच पाऊस होता. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तिथेही महिना तोच. तुमची पूरतयारी जूनमध्ये करून ऑगस्टमध्ये विसरली जात असेल तर ती चुकीच्या महिन्यासाठी चालली आहे.

आता उन्हाळ्याचं पाणी. पाऊस होऊन किमान आठ-दहा दिवस झाले असतील असा दिवस निवडा. ओढ्याचा दहा मीटरचा सरळ तुकडा घ्या, दोन्ही टोकांना दोरी आडवी ताणा आणि वरच्या दोरीच्या थोडं अलीकडे लिंबू सोडा. लिंबूच का, तर ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं. थर्मोकोलचा तुकडा वाऱ्याने पळतो आणि वेग खोटा दाखवतो. तीनदा वेळ घ्या, सरासरी काढा. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात जातं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८ ने गुणा. मग रुंदी आणि तीन-चार ठिकाणची खोली मोजा. समजा रुंदी १.२ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर, लिंबाला दहा मीटर जायला २५ सेकंद लागले. वेग ०.४ मीटर, गुणिले ०.८ म्हणजे ०.३२. प्रवाह झाला १.२ × ०.१५ × ०.३२, म्हणजे सेकंदाला साधारण ५८ लिटर. हाच दर दिवसभर टिकला तर ५० लाख लिटर. माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातलं ८० टक्के गटारात जातं असं धरलं तर हे सुमारे ४६ हजार माणसांचं सांडपाणी झालं. हा आकडा सोसायटीच्या सभेत ठेवा. ‘आपण जैविक द्रावण टाकून ओढा साफ करू’ ही चर्चा त्यानंतर आपोआप थांबते.

मोजणी एकदाच करू नका. पहाटे चारला, सकाळी आठला आणि दुपारी तीनला करा. मैलापाणी सकाळी चढतं, आंघोळी आणि धुणी आटोपली की उतरतं, पहाटे सगळ्यात कमी असतं. पहाटेही प्रवाह फारसा उतरत नसेल तर त्यात मैल्याशिवाय दुसरं काहीतरी आहे: झरा, किंवा फुटलेली पाण्याची लाइन. ओळखायला टीडीएस मीटर पुरतो. आधी तुमच्या नळाच्या पाण्याचा आकडा घ्या, मग एखाद्या बोअरचा. पुण्याच्या नळाला धरणाचं पाणी, त्यात क्षार फार कमी. बोअरच्या पाण्यात ते कितीतरी जास्त. घरात वापरून बाहेर पडलेल्या पाण्याचा आकडा नळापेक्षा दोन-तीनशेने वाढलेला असतो. ओढ्यात येणारी एखादी धार स्वच्छ दिसते आणि तिचा टीडीएस नळाइतकाच आहे, तर पाण्याची लाइन गळते आहे. क्लोरीन तपासायचे थेंब टाकून पिवळी झाक आली तर शंकाच नको. अशी गळती ड्रेनेजवाल्यांना कळवून उपयोग नाही, ती पाणीपुरवठ्याकडे न्यायची.

मग वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत ओढ्याने चालत जा आणि डाव्या-उजव्या काठाने येणारा प्रत्येक नळ, प्रत्येक धार नोंदवा. छोट्या नळाखाली २० लिटरची बादली धरा. दहा सेकंदांत भरली तर सेकंदाला दोन लिटर, दिवसाला पावणेदोन लाख लिटर, म्हणजे सोळाशे माणसं. कुठल्या नळातून किती आणि किती वाजता, याचा तक्ता झाला की निम्मी लढाई संपते, कारण मग तक्रारीत ‘ओढ्यात घाण पाणी येतं’ असं लिहावं लागत नाही. ‘अमुक पुलाच्या खाली ४० मीटरवर, डाव्या काठाला, ३०० मिलिमीटरचा नळ, सकाळी आठला सेकंदाला सहा लिटर’ असं लिहिता येतं. पहिली तक्रार कुणीही बंद करू शकतो. दुसरी बंद करायला तिथे माणूस पाठवावा लागतो.

हे पाणी येतं कुठून? पुण्यात, आणि डोंगरउताराच्या कुठल्याही शहरात, ड्रेनेजची मोठी लाइन ओढ्याच्या कडेने किंवा थेट पात्रातूनच जाते. उतार तिथेच मिळतो, पंप लागत नाही. त्यामुळे चेंबर पात्रात किंवा काठावर असतात. खालच्या बाजूला लाइन चोंदली की वरच्या चेंबरचं झाकण उचलून मैला ओढ्यात उतरतो. ओढ्यातला मैला म्हणजे दर वेळी कुणीतरी चोरून जोडलेला नळ असेल असं नाही. बऱ्याचदा लाइन आहे, पण चोंदलेली आहे. चोंदण्याचं कारण अनेकदा पावसाळ्यात असतं: पुराने पात्रातल्या चेंबरची झाकणं जातात, त्यात दगडगोटे भरतात, आणि हिवाळ्यापर्यंत ते तसंच राहतं. काठाने चालताना चेंबरच्या तोंडाकडे बघा. झाकणाभोवती राखाडी थर, कागदाच्या आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतील तर ते चेंबर उतू गेलेलं आहे, भले आज कोरडं दिसो. झाकण मात्र स्वतः उघडू नका आणि कुठल्याही मजुराला आत उतरवू नका. आतला वायू एका श्वासात माणूस पाडतो. संरक्षणाशिवाय माणूस गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे. ते काम जोरदार पाण्याने लाइन साफ करणाऱ्या जेटिंगच्या गाडीचं.

शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःची इमारत तपासा. शौचालयाच्या चेंबरमध्ये फ्लुओरेसिन हा हिरवा रंग चिमूटभर टाकून बादलीभर पाणी ओता आणि ओढ्याकडे एक माणूस उभा ठेवा. ओढ्यात हिरवं दिसलं तर जोडणी चुकली आहे. उलटी चूकही तितकीच सापडते: गच्चीचे पावसाळी नळ ड्रेनेजला जोडलेले असतात. ६०० चौरस मीटर गच्चीवर ताशी ६० मिलिमीटर पाऊस पडला की सेकंदाला दहा लिटर पाणी उतरतं. १५० मिलिमीटरचा नळ शंभरास एक उतारावर पूर्ण भरून पंधरा लिटर नेतो. म्हणजे त्याची दोन तृतीयांश जागा एकट्या तुमच्या गच्चीने खाल्ली. पावसात तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं ते असंच. गच्चीचं पाणी ड्रेनेजमधून काढून आधी शोषखड्ड्याकडे आणि उरलेलं पावसाळी गटाराकडे वळवा. याने पूर थांबणार नाही, पण तुमचं आणि खालच्या चार इमारतींचं चेंबर उतू जाणं थांबेल.

कर्दळ, पाणकणीस लावून पाणी शुद्ध करण्याबद्दल बरेचजण विचारतात. पद्धत खोटी नाही. आपल्या हवेत माणशी एक ते दोन चौरस मीटर पाणथळ वाफा दिला तर ती चालते. ४६ हजार माणसांसाठी म्हणजे साडेचार ते नऊ हेक्टर. तुमच्या ओढ्याकाठी एवढी जागा कुठे आहे? अशा वाफ्यांनी उरलंसुरलं पाणी पुसून निघतं, मूळ मैला नाही. मूळ मैला ड्रेनेजमध्येच परत घालावा लागतो. द्रावणांनी वास काही दिवस दबतो, तळाचा गाळ तसाच राहतो. डासांचंही तेच. वाहत्या धारेत ते फारसे होत नाहीत, कडेच्या साचलेल्या डबक्यांत होतात. धार एका अरुंद सरीत आणून डबकी बुजवली की फवारणीपेक्षा जास्त फरक पडतो.

आता पुराचं पाणी, कारण भिंतीचा प्रश्न इथे येतो.

ओढ्यात किती पाणी येईल याचा अंदाज काढायचं सूत्र साधं आहे: पाणलोटाचं क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाचा दर ताशी मिलिमीटरमध्ये, आणि पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून येतो तो गुणांक. तिन्हींचा गुणाकार भागिले ३६०. उत्तर क्युमेकमध्ये येतं, एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर. उदाहरणासाठी ३०० हेक्टरचा एखादा उपओढा घ्या. मुख्य ओढ्याचं पाणलोट तुमच्यापर्यंत याहून बरंच मोठं भरेल आणि तिथे हे सूत्र अपुरं पडतं, सविस्तर अभ्यास लागतो. ताशी ६० मिलिमीटरचा पाऊस, आणि पूर्वीची शेतं, गवताळ उतार यांचा गुणांक ०.३ धरला तर १५ क्युमेक. त्याच जमिनीवर छपरं, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आले की गुणांक ०.७, आणि पाणी ३५ क्युमेक. पाऊस तोच, ओढा तोच, पाणी दुपटीहून जास्त. शिवाय ते लवकर येतं. तीन किलोमीटर लांब आणि पन्नासास एक उताराच्या ओढ्यात सर्वांत दूरचा थेंब चाळीस मिनिटांत पोचतो. वरती गटारं झाली की त्याहूनही आधी. ‘इतका पाऊस तर आमच्या लहानपणीही पडायचा’ हे म्हणणं खरं असतं. फक्त तेव्हा तो जमिनीत जायला जागा होती.

हे पाणी मावतं का, हे तुमच्या कुंपणापाशी ठरत नाही. ते खालच्या मोरीपाशी ठरतं. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच मोरी घ्या, उतार दोनशेस एक. आत स्वच्छ काँक्रीट असेल तर काठोकाठ भरून साधारण २५ क्युमेक जातं. आता तिच्यात अर्धा मीटर गाळ बसला आणि वर गाद्या, नारळ, राडारोडा अडकला. उंची फक्त पावभर गेली, पण तळ खडबडीत झाल्याने वेगही पडला, आणि क्षमता दहा-अकरा क्युमेकवर आली. पाव उंचीला निम्म्याहून जास्त क्षमता जाते, हे सभेत कुणाला पटत नाही, म्हणून आकड्यांसकट सांगतोय. आणि या उदाहरणात स्वच्छ मोरीतही ३५ मावत नाहीच. उरलेलं पाणी मोरीच्या मागे साठतं, फुगतं आणि शेवटी रस्त्यावरून किंवा तुमच्या आवारातून वाट काढतं. मोरीतून आडव्या गेलेल्या पाण्याच्या आणि केबलच्या नळ्या असतील तर कचरा अडायला ती आयती गाळणीच. नवी मोरी होणार असेल तर तीन छोट्या तोंडांऐवजी एक रुंद तोंड मागा. छोटी तोंडं एका गादीने बंद होतात.

तुमची २०१९ ची भिंत का पडली त्याचाही अंदाज इथे लागतो. नऊ इंची विटांची आवारभिंत माणसं आणि कुत्री अडवण्यासाठी असते. तिच्या एका बाजूला दीड मीटर पाणी चढलं आणि दुसरीकडे कोरडं असलं, तर दर मीटर लांबीवर अकराशे किलोच्या आसपास रेटा येतो. ती पडणारच. वाईट हे की ती हळूहळू पडत नाही. पाणी अडवून धरते आणि मग एकदम सोडते, त्यामुळे आत शिरणारं पाणी लाटेसारखं येतं. अशा भिंतीच्या खालच्या मीटरभरात जाळी किंवा मोठी भोकं ठेवली तर पाणी आत येईल, पण सावकाश येईल, आणि गाडी काढायला, माणसं वर न्यायला पंधरा-वीस मिनिटं मिळतील. माझ्या मते ओढ्याकाठच्या आवाराला भरीव भिंत घालूच नये. एकतर खऱ्या पुराची, नीट पाया असलेली प्रतिधारक भिंत, म्हणजे माती-पाण्याचा रेटा पेलणारी भिंत असावी, नाहीतर पाणी जाऊ देणारं कुंपण. मधलं काही नको.

प्रतिधारक भिंत ठरलीच, तर मंजुरीआधी नकाशावर पुढच्या गोष्टी बघा. पाया ओढ्याच्या आजच्या तळाखाली किती आहे? पुरात तळ खरवडून खोल जातो. अरुंद पात्रात दीड-दोन मीटर सहज. पाया तेवढा खाली तरी हवा किंवा खडकात खाच घेऊन बसवलेला हवा. पुण्यात काळा पाषाण बऱ्याचदा जवळ लागतो, तेव्हा ‘खडक लागेपर्यंत’ हे शब्द कागदावर येऊ द्या आणि खोदाई झाल्यावर भरण्याआधी फोटो मागा. भिंतीत पाणी निघायची भोकं हवीत, ७५ ते १०० मिलिमीटरची, दर एक-दीड मीटरला, आणि मागे खडी-वाळूची गाळणी. नाहीतर पूर ओसरल्यावर मागची भिजलेली माती भिंतीला ओढ्यात ढकलते. पुरात टिकलेली भिंत दुसऱ्या दिवशी पडते ती यामुळे. यंत्र उतरायला उतरंड ठेवली आहे का तेही पाहा. दोन्ही बाजूंनी उंच भिंती बांधल्या आणि जेसीबी उतरायला वाटच नाही, असं झालं तर तो गाळ कायमचा. भिंतीमुळे पात्र अरुंद होतंय का? सिटी सर्व्हेच्या आणि विकास आराखड्याच्या नकाशात ओढ्याची रुंदी दाखवलेली असते, ती टेपने ताडून बघा. ठेकेदाराला भिंत आत सरकवणं सोपं जातं, कारण काठावरचं झाड, शेड, पार्किंग हलवावं लागत नाही. एका बाजूनेच भिंत होणार असेल तर समोरच्या काठावर पाणी चढेल. तिथे वस्ती असेल तर तो मुद्दा तुम्हीच उचला.

जागा असेल तिथे जाळीतल्या दगडांची भिंत मला जास्त आवडते. दोन बाय एक बाय एक मीटरच्या जाळ्या, दीडशे ते अडीचशे मिलिमीटरचे दगड, मागे कापडी गाळणी. ती थोडी वाकते पण एकदम पडत नाही, पाणी आरपार जाऊ देते, आणि दोन पावसाळ्यांत तिच्यात गवत उगवतं. तोटा एवढाच की ती जागा जास्त खाते, आणि भंगारवाले तार कापतात, म्हणून वस्तीजवळ लक्ष ठेवावं लागतं.

तळाला काँक्रीट नको. पाणी जोरात जातं हे खरं, पण ते पुढच्या मोरीवर जोरात आदळतं आणि तिथला प्रश्न वाढतो. शिवाय झऱ्यांची तोंडं बंद होतात आणि खालच्या बोअरचं पाणी उतरतं. फक्त पुलाखाली आणि मोरीच्या तोंडाशी, जिथे खरवड होते, तेवढाच तुकडा पक्का करावा.

स्लॅबबद्दल स्पष्टच सांगतो: नको. झाकलेल्या ओढ्यातला गाळ काढता येत नाही, चोंदलेलं दिसत नाही, आणि आत मैलापाणी असेल तर मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतो. या दुसऱ्या वायूचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ हे चांगलं लक्षण समजलं जातं. पुरात स्लॅबखाली जागा संपली की पाणी वरून येतं आणि पार्क केलेल्या गाड्या घेऊन पुढच्या मोरीच्या तोंडाशी अडकतं. ज्या पार्किंगसाठी स्लॅब हवा, तेच पार्किंग मग बूच होतं.

इथवर आलो तर कामाचा क्रम असा लागतो: आधी खालची मोरी आणि गाळ, मग ड्रेनेजची गळती, मग भिंत. भिंत शेवटी.

गाळकाढणीवर सोसायटीने नजर ठेवता येते आणि ठेवावीच. काम खालून वर व्हायला हवं. वरून खाली केलं तर सुटलेला गाळ खालच्या चोंदलेल्या मोरीतच जाऊन बसतो. मोरीच्या भिंतीवर आणि काठाच्या दगडांवर तीन-चार ठिकाणी रंगाने खुणा करून तळाची पातळी आधी आणि नंतर मोजा. हिशेब तपासणं सोपं आहे: तीन मीटर रुंद, २०० मीटर लांब, अर्धा मीटर खोल म्हणजे ३०० घनमीटर. एका डंपरमध्ये सहा घनमीटर धरले तर पन्नास खेपा. पाच खेपांत ‘साफ झालं’ असं कुणी म्हणत असेल तर गाळ काठावर ढीग करून ठेवलेला असतो, आणि पहिल्या जोराच्या पावसात तो परत आत. जेसीबीवाल्याला भिंतीच्या पायाजवळ खणू देऊ नका; काठापासून मीटरभर तळ तसाच ठेवून मध्यावर खणायचं. मे महिन्यात सफाई झाली तरी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मोरीचं तोंड पुन्हा बघायला लागतं, कारण वर्षभर उतारांवर साचलेला कचरा त्या एका पावसात खाली येतो. तिसरी फेरी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

पुराची पातळी आजच पक्की करून ठेवा, माणसं बदलली की आठवण पुसते. २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ते इमारतीच्या भिंतीवर दिसत असेल किंवा जुन्या फोटोंत असेल. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन ती पातळी जिन्याच्या खांबावर, मीटररूमच्या दारावर आणि खालच्या पुलाच्या कठड्यावर आणा. मोठ्या नद्यांना २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदाची लाल रेषा आखलेली असते. ओढ्याला आखलेली नसेल तर तुमच्या हातात ही रंगवलेली खूणच असते. मीटररूम, पंपाचे स्टार्टर, लिफ्टचं पॅनेल या खुणेच्या किमान अर्धा मीटर वर न्या. सोसायटीच्या ड्रेनेजला ओढ्याकडच्या टोकाला पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि दर पावसाळ्याआधी तो हाताने उघडून बघा, कारण त्यात केस आणि प्लास्टिक अडकून तो उघडाच राहतो.

पुलाच्या खांबावर अर्ध्या अर्ध्या मीटरवर पांढरे पट्टे मारा आणि वरच्या दोन सोसायट्यांशी फोनचं नातं ठेवा. त्यांच्याकडे पाणी चढायला लागलं की तुमच्याकडे काही मिनिटंच उरतात. तेवढ्यात गाड्या काढण्यामागे लागायचं नाही, तळमजल्यावरची माणसं वर न्यायची. गुडघ्याच्या वर आणि माणसाच्या चालीहून जोरात वाहतं पाणी असेल तर त्यात पाऊल घालू नये. धडधाकट माणूसही उभा राहत नाही आणि खाली उघडं चेंबर कुठे आहे ते दिसत नाही.

राहिली झाडं. लावा, पण जागा पाहून. पात्राच्या उतारावर वाळा आणि लव्हाळा. मुळं माती धरतात आणि पुरात आडवे होऊन पाण्याला वाट देतात. काठाच्या वर, भिंतीपासून किमान तीन-चार मीटर सोडून करंज, जांभूळ, वाळुंज. उंबर ओढ्याकाठी आपला आपण येतो, तो भिंतीच्या फटीत उगवला तर लहान असतानाच काढा. सुबाभूळ आणि घाणेरी वाढू देऊ नका, त्यांच्या गच्च झुडपात कचरा अडतो. वरच्या काठाची लागवड जुलैत करा, पण उतारावरचा वाळा ऑक्टोबरमध्ये लावा आणि उन्हाळाभर पाणी द्या. जूनमध्ये लावलेला वाळा मुळं धरायच्या आत पहिल्याच लोंढ्यात निघून जातो आणि लोक म्हणतात, इथे काही जगत नाही.